टोचलेलं कुत्रं

कुत्र्याला पिसाळू नये म्हणून किती वेळा टोचायचं, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिल्यांदा, अन् मग दर वर्षी, ते कुत्रं जिवंत असेपर्यंत. यात न समजण्यासारखं काय आहे? चौथीच्या पोरींना मी हे एकदा वर्गात सांगितलं होतं, त्यांना एका दमात कळलं. अमरावतीला मी ज्याच्या घरात भाड्यानं राहत होते, त्या माणसाच्या डोक्यात मात्र ते काही केल्या शिरेना.

त्याला मी 'तो'च म्हणणार. वयानं माझ्या वडिलांएवढा होता, तोंडावर मी त्याला काकाजी म्हणत असे, चारचौघांत त्याला मान होता. असू दे. माझ्याकडून त्याला 'ते' मिळायचं नाही. नाव लिहीत नाही, त्याचंही नाही अन् त्याच्या कुत्र्याचंही नाही.

साठ सालानंतरची गोष्ट, एखादं वर्ष इकडेतिकडे. मला अमरावतीला मुलींच्या शाळेत नोकरी लागली, म्हणून मी अन् माझी माय अकोल्याचं जुनं शहर सोडून इकडे आलो. दोघीच बायका, घरात पुरुष माणूस नाही, म्हटल्यावर कुणी खोली देईना. यानं दिली. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, नळ सामायिक. समोर तो अन् त्याची बायको. पोरी लग्न होऊन गेलेल्या. बडनेऱ्याच्या पुढे त्याचं शेत होतं, ते सालावर ठेवलेला गडी, सालदार, सांभाळायचा, अन् हा इथे ओसरीत आरामखुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला अक्कल शिकवत बसायचा.

त्याच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. अशी बाई पाहिली नाही असं मी म्हणणार नाही, अशा बाया तेव्हा घरोघर होत्या. ठेचा केला की वाटीभर आमच्याकडे येणार, माझी शाळेतून यायची वेळ झाली की मायला हाक मारून चुलीवर चहाचं आधण ठेवायला सांगणार. नळावर मायशी बोलत बसली की उठायचं नाव नाही. पण ओसरीतून त्याचा खाकरण्याचा आवाज आला की तोंडातलं वाक्य तिथंच टाकून उठायची. पुढचं वाक्य दुसऱ्या दिवशी सांगायची, तेही आठवलं तर.

अन् ते कुत्रं. अंगानं दांडगं, पिवळट, डोळे सदा तांबारलेले. त्याला भाकरी दुधात कुस्करून मिळायची. गल्लीतलं पोर दारावरून गेलं की ते धावून जायचं, पोर किंचाळायचं, अन् हा खुर्चीत बसून हसायचा. दूधवाला फाटकाच्या आत पाय ठेवत नसे. कुणी तक्रार केली की याचं एकच बोलणं ठरलेलं. "काहून भेता गा? वास घेते थे नुसतं. अन् टोचेल हाये त्याले."

हे 'टोचेल हाये' मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की कान किटले. मला वाटायचं, टोचलं म्हणतो तर टोचलं असेल. केव्हा टोचलं, हे विचारायचं मला काय सुचणार? मला ते विचारावं लागलं चावल्यानंतर.

उन्हाळ्याच्या तोंडावरचे दिवस होते, सकाळची शाळा. दुपारी घरी आले, फाटक लावलं अन् वळले, तर ते कुत्रं समोर उभं. भुंकलं नाही. दोन दिवसांपासून त्याचा आवाज बसला होता, खाणं सोडलं होतं, माती चाटत होतं. काकूनं मायला तसं सांगितलंही होतं. मी बाजूनं जायला लागले तर त्यानं सरळ पोटरी धरली. सोडेचना. मी ओरडले. काकू स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. काठी नाही, दगड नाही, तिनं सरळ त्याच्या जबड्यात दोन्ही हात घातले अन् तो जबडा फाकवला. माझा पाय सुटला, अन् तिचा उजवा तळवा त्याच्या दातांत सापडला.

मायनं मला नळाखाली बसवून साबणानं पाय धुतला. ती काकूलाही हात धुवायला ओढत होती, तेवढ्यात तो उठून आला. काकूच्या हातावर त्यानं तिखट अन् तेल चोपडलं, फडकं बांधलं, अन् म्हणाला, "काई होत नाई. टोचेल कुत्रं हाये."

मी मायला घेऊन टांग्यानं सरकारी दवाखान्यात गेले. काकूला म्हटलं, चला बरोबर. तिनं ओसरीकडे पाहिलं अन् मान हलवली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं जखम पाहिली अन् पहिलाच प्रश्न केला, "कुत्रं टोचलेलं आहे का?"

"आहे म्हणतात."

"केव्हा टोचलं?"

आता मी काय सांगणार? डॉक्टर म्हणाला, उद्यापासून सुया सुरू करू, बेंबीभोवती, रोज एक, चौदा. तोवर कुत्र्याची चौकशी करून या. त्याला बांधून ठेवा, मारू नका, दहा दिवस पाहायचं. ते धड राहिलं तर तुमच्या सुया मध्येच थांबवता येतील.

मी परत आले तशी ओसरीसमोर उभी राहिले. विचारलं, "काकाजी, कुत्र्याला केव्हा टोचलं होतं?"

"पिल्लू होतं तवा."

"म्हणजे किती वर्षं झाली?"

"झाले असतीन सहा-सात. त्याचं काय?" अन् त्यानं साखळीला बांधलेल्या कुत्र्याला जवळ ओढलं, मागच्या मांडीवरचे केस बाजूला केले अन् मला दाखवलं. रुपयाएवढी जागा, केस नसलेली, चकचकीत. "हा पाहा वन. देवीचा असते तसा. दिसला?"

मला आधी कळेचना हा काय बोलतो आहे. मग कळलं. त्या काळी टोचणं म्हणजे लोकांना एकच माहीत, देवी काढणं. देवी काढणारा सरकारी माणूस गावोगाव यायचा, लेकराच्या दंडावर टोचायचा, फोड यायचा, खपली पडायची अन् वण राहायचा. वण आला म्हणजे देवी धरल्या, पोर देवीच्या रोगातून सुटलं. माझ्या दंडावर होता, मायच्या होता, त्याच्याही होता. त्यानं सदऱ्याची बाही वर करून तोही दाखवला.

"आपल्या देवी दर साली काढते काय कोनी? एकदा टोचलं का झालं. तुमी शिकेल बाया, तुमाले इतकं समजत नाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होतं की तो चुकतो आहे? म्हणून मी दुसऱ्या दिवशी पोटात पहिली सुई घेतली अन् तिथून लंगडत ढोरांच्या दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर एका म्हशीच्या खुरात हात घालून बसला होता. त्यानं ऐकून घेतलं अन् म्हणाला, "बाई, या लसीचा जोर एक वर्ष. फार तर थोडा जास्त. सहा वर्षांपूर्वी टोचलेलं कुत्रं म्हणजे न टोचलेलंच. दर वर्षी आणावं लागतं."

"अन् तो वण?"

"कुत्र्याला टोचल्याचा वण राहत नाही. कशानं तरी भाजलं असेल."

भाजलंच होतं. काकूनंच नंतर मायला सांगितलं, ते पिल्लू असताना चुलीजवळ लोळायचं अन् एकदा आंघोळीचं गरम पाणी त्याच्या मांडीवर सांडलं होतं. त्या भाजल्याच्या डागावर हा माणूस इतकी वर्षं मिशीला पीळ देत बसला होता.

मी घरी आले तर कुत्रं नाही. सालदार बैलगाडी घेऊन आला होता, त्याच्यासोबत शेतावर पाठवून दिलं म्हणे. मी डॉक्टरचं सगळं बोलणं सांगितलं, दर वर्षी टोचावं लागतं, काकूंना आजच्या आज सुया सुरू करा, कुत्र्यावर नजर ठेवा. तो माझ्याकडे न पाहता सुपारी कातरत म्हणाला, "थो ढोराचा डाक्टर. त्याले मानसाचं काय समजते?"

"मी माणसाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले."

"अन् आमी काई गप नाई बसलो. काल संध्याकायीच सात हिरी दाखवून आनल्या तिले."

सात विहिरी. कुत्रं चावलेल्या माणसानं सात विहिरींत वाकून पाहिलं की विष उतरतं, असं लोक मानत. दमणीत, छोट्या बैलगाडीत, घालून त्यानं तिला गावभर फिरवलं होतं अन् विहिरीविहिरीवर वाकवलं होतं. मी म्हटलं, "कुत्रं टोचलेलं होतं तर विहिरी कशाला दाखवल्या?"  तो मोठ्यानं खाकरला. आत काकूच्या हातातून भांडं पडल्याचा आवाज झाला.

मी रोज सकाळी शाळेच्या आधी दवाखान्यात जात होते. पोट टणक झालं होतं, लुगड्याची गाठ सैल बांधावी लागायची, वर्गात खुर्चीत बसवत नसे. पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. मला रोज एकच वाटायचं, माझ्या बाजूला बाकावर काकू बसलेली पाहिजे होती. तो हात तिनं माझ्यासाठी घातला होता.

तीन-चार दिवस गेले असतील. नळावर मी बादली भरत होते, काकू जवळ आली, ओसरीकडे पाहून घेतलं, अन् हळूच म्हणाली, "मेलं वं थे कुत्रं. सालदार सांगून गेला. मानसं ओयखे ना म्हने, तोंडातून लाय गयत होती."

लाळ गळत होती अन् माणसं ओळखत नव्हतं. मी बादली तशीच सोडली. "काकू, चला. आत्ता चला. अजून वेळ आहे, डॉक्टर म्हणतात जितक्या लवकर तितकं बरं. मी नेते तुम्हाला."

"यायले विचारा लागन."

"मी विचारते."

विचारलं. आवाज चढवूनच विचारलं, गल्लीतले चार जण फाटकाशी थांबले एवढा. मी म्हटलं, कुत्रं पिसाळून मेलं, तुम्हाला माहीत आहे, काकूंना दवाखान्यात पाठवा. फाटकाशी माणसं पाहून त्याचा चेहरा काळा-निळा झाला. तो उठून उभा राहिला. "सापानं डसलं त्याले. कोनं सांगतलं तुमाले पिसायलं म्हनून?"

काकू दारात उभी होती. मी तिचं नाव घेतलं नाही. नुसतं म्हटलं, "सापानं डसलं असू द्या. सुया तर घेऊ द्या. त्यात तुमचं काय जातं?"

"माह्या घरची बाई सरकारी दवाखान्यात पोट उघडं टाकून पडनार नाई. समजलं? तुमी नोकरीवाल्या बाया, तुमचं चालते."

"नर्स आड चादर धरते, काकाजी."

"चादर धरो का आभाय धरो. खोल्या खाली करा माह्या."

हे असं होतं. याचं कुत्रं गल्लीत पिसाळलं म्हटल्यावर याची मान खाली जाणार होती, अन् बायकोच्या बेंबीवर परक्या माणसाची नजर पडली की याची अब्रू जाणार होती. या दोन गोष्टींपुढे तिचा जीव त्याच्या हिशेबात कुठे बसतच नव्हता. आजही हे लिहिताना माझे हात शिवशिवतात. त्या वेळी मी दगड उचलला असता तर बरं झालं असतं.

माय म्हणाली, भांडून तो ऐकणार नाही, तिच्या माहेरी सांग. काकूचं माहेर अकोल्याचंच, आमच्या जुन्या शहरातलं, मोर्णेच्या काठी. तिचा मोठा भाऊ तिथे धान्याचं दुकान चालवायचा. रविवारी सकाळी सुई घेतली अन् बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर येईस्तोवर उभीच होते, मग एका बाईनं माझं तोंड पाहून सरकून जागा दिली. दुकानात जाऊन मी त्या भावाला सगळं सांगितलं. कुत्रं मेलं ते सांगितलं, वर्षाचं गणित सांगितलं, पोट उघडं टाकायचं तेही न लाजता सांगितलं. तो चांगला माणूस होता, ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी तो अमरावतीला आला.

मला वाटलं, सुटली काकू. मी शाळेतून धावत घरी आले. साळा-मेहुणे ओसरीत पाटावर जेवत बसले होते, पुरणपोळी होती, तूप होतं. अन् तो त्या भावाला दंडावरचा वण दाखवत होता. भाऊ मान डोलावत होता. जाताना मला फाटकाशी भेटला अन् खाली पाहत म्हणाला, "जवाई मानूस हाये बाई. जास्त बोलता येत नाई. थे म्हनतात काई होत नाई, तर नाईच होनार." काकूनं त्याच्या हातात खाऊचा डबा दिला अन् त्याच्या पाया पडली. त्यानं तिचा फडकं बांधलेला हात पाहिला. पाहिला अन् गेला. घरमालकाचा मला राग आहे, पण या भल्या माणसाचा राग त्याहून कमी आहे, असं मला म्हणता येत नाही.

माझ्या चौदा सुया झाल्या. काकूची जखमही भरली. तो आता माझ्याकडे पाहून हसायचा, जिंकल्यासारखा. खोल्या खाली करण्याचंही विसरला. "पाहा बाई, हात चांगला झाला का नाई? तुमी उगीच पोट फोडून घेतलं." मी मनात म्हणायचे, देवा, हाच खरा ठरू दे, जन्मभर माझी टवाळी करू दे, पण हाच खरा ठरू दे.

पावसाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. काकू मायला म्हणाली, तळव्याला मुंग्या येऊन राहिल्या, भरलेल्या जखमेत खाजते. मायनं मला सांगितलं. मला ठाऊक होतं आता काही उपयोग नाही, डॉक्टरनं मला तेही सांगून ठेवलं होतं. तरी मी टांगा आणला. या वेळी त्याला विचारलं नाही, अन् तोही आडवा आला नाही. दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. मी पाण्याचा पेला पुढे केला तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं अन् तिचा गळा दोरी आवळावी तसा आवळला. पंख्याचा वाराही तिला सोसेना. मधूनमधून ती अगदी शहाण्यासारखी बोलायची. एकदा मला म्हणाली, "तुहा पाय बरा हाये नं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

घरी माणसं भरली. तो मध्ये बसून सांगत होता, आयुष्य तेवढंच होतं, कुणाच्या हातात काय आहे. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. काकूचा भाऊ कोपऱ्यात रडत होता. मला तिथे बसवेना. महिन्याभरात आम्ही खोल्या सोडल्या अन् दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड केलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं नवं पिल्लू आणलं. हे मला लोकांकडून कळलं. त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच दिवसांत, मी दारात तांदूळ निवडत बसले होते अन् तो समोरून आला. साखळीला ते कुत्रं, आता चांगलं मोठं झालेलं, अंगाला तेल लावल्यासारखं तुकतुकीत. आमच्या दारावरूनच ढोरांच्या दवाखान्याची वाट जात होती. मला पाहून तो थांबला.

"बाई, तुमचं बोलनं खरं होतं बरं. दर साली टोचा लागते. म्या डाक्टरले इचारलं. मांगच्या साली नेलं, आता बी नेऊन राहिलो. एक साल चुकू देत नाई."

मी तांदळातून हात काढला नाही.

"मुका जीव हाये बाई," तो म्हणाला अन् कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जीव हाये त्याले बी. हयगय करून कसं चालन?"

"अन् काकूला नव्हता?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.  त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, राग नव्हता, मी काहीतरी भलतंच विचारल्याचं नवल तेवढं होतं.

"थे अलग हाये बाई," तो म्हणाला, अन् दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून साखळी ओढत झपाझप निघून गेला.